बंदिवासातला दिनक्रम, टाळेबंदीतल्या सवयी

मुंबईहून निघालेली एक विशेष रेल्वेगाडी ९ ऑगस्ट १९४२ रोजी अहमदनगरला येऊन थांबली. 'छोडो भारत'चा ठराव होऊन एक दिवसही पुरता सरला नव्हता. गाडीतून उतरविण्यात आलेल्या काँग्रेस नेत्यांना थेट भुईकोट किल्ल्यात नेण्यात आले. पंडित जवाहरलाल नेहरू, मौलाना अबुल कलाम आझाद, सरदार वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, असफ अली, पट्टाभी सीतारामय्या, शंकरराव देव, डॉ. सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब आणि प्रफुल्लचंद्र घोष असे एकूण बारा नेते या किल्ल्यात स्थानबद्ध होते. त्यांना कोठे ठेवले आहे हे सुरुवातीस देशाला कळू देण्यात आले नाही. भेटीगाठी बंद होत्या आणि प्रारंभीच्या आठवड्यांत वृत्तपत्रही मिळत नव्हते. सुटका कधी होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. २८ मार्च १९४५ पर्यंत, म्हणजे साडेनऊशेहून अधिक दिवस हा बंदिवास चालला.

या घटनेनंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २५ मार्च २०२० पासून, अहमदनगर जिल्ह्यातील प्रत्येक घराने आपल्यापुरती एक छोटी स्थानबद्धता अनुभवली. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले.) घर आणि तुरुंग यांची बरोबरी करणे योग्य होणार नाही. किल्ल्यातल्या मंडळींना चूल पेटवावी लागत नव्हती, लेकरांची शाळा मोबाइलवर सांभाळावी लागत नव्हती आणि किराणा संपल्याची चिंताही नव्हती. तरीही एका बाबतीत दोन्ही अनुभव सारखे होते. दिवसाला आकार देणारी बाहेरची चौकट नाहीशी झाली होती आणि ती आतून उभी करावी लागत होती. ती कशी उभी राहते, याचा अभ्यास करायचा असेल तर नगरच्या किल्ल्याइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

पहाटेचा चहा आणि दगडगोट्यांची बाग

मौलाना आझादांचा दिवस पहाटे तीन-चारच्या सुमारास सुरू होत असे. सारा किल्ला झोपेत असताना ते स्वतःच्या हाताने चहा करीत. हा चहा चिनी, मोगऱ्याच्या सुवासाचा आणि अर्थातच बिनदुधाचा असे. चहाचा पेला समोर ठेवून ते आपल्या एका स्नेह्याला पत्रे लिहीत. ती पत्रे टपालात पडणार नाहीत हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुढे याच पत्रांचा 'गुबार-ए-खातिर' हा उर्दूतला गाजलेला ग्रंथ झाला. खोलीच्या छताला चिमण्यांनी घरटी केली होती. आधी मौलानांनी त्यांच्याशी चक्क युद्ध पुकारले, मग तह केला आणि शेवटी त्या त्यांच्या हातावरचे दाणे टिपू लागल्या. याचे खुसखुशीत वर्णन त्या पत्रांत आहे. तुरुंगाच्या अधीक्षकाला त्यांनी चांदबिबीच्या काळातील एका किल्लेदाराच्या नावावरून 'चीताखान' असे टोपणनाव देऊन टाकले होते. विनोदबुद्धी हीसुद्धा रोज जोपासावी लागते, हे त्यावरून ध्यानात येते.

नेहरूंनी कुदळ हाती घेतली. किल्ल्याच्या अंगणातली माती अत्यंत निकस होती. दगडगोटे, जुन्या बांधकामांचा राडारोडा आणि पडक्या वास्तूंचे अवशेष यांनी ती भरलेली होती. तरीही उन्हातान्हात तासन् तास खणून त्यांनी फुलांचे वाफे तयार केले. पुढे कुदळ बाजूला ठेवून त्यांनी लेखणी उचलली आणि एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत सुमारे हजार हस्तलिखित पृष्ठांचा मजकूर तयार झाला. तोच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ होय. ही गोष्ट सांगताना एक तपशील बहुधा सुटतो. लेखनाला हात घातला तेव्हा नेहरूंना किल्ल्यात येऊन वीस महिने उलटले होते. टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात नवी भाषा, नवे वाद्य आणि रोजचा तासभर व्यायाम असा संकल्प सोडून, पंधरा दिवसांत तो गुंडाळून ठेवून, मग स्वतःला दोष देत बसलेल्या असंख्य लोकांनी हा वीस महिन्यांचा हिशेब पाहायला हरकत नाही.

इतर नेतेही रिकामे बसले नव्हते. आचार्य नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञानातील 'अभिधर्मकोश' या ग्रंथाच्या अनुवादात गढले होते. हरेकृष्ण महताब ओडिशाचा इतिहास लिहीत होते, तर पट्टाभींचेही टिपणलेखन सुरू होते. बाराजणांत मिळून देशातील बहुतेक प्रमुख भाषा आणि संस्कृत, पाली, अरबी, फारसी या अभिजात भाषा जाणणारे लोक होते. त्यामुळे एकमेकांकडून शिकणे हाही दिनक्रमाचाच भाग झाला. नेहरूंनी आपला ग्रंथ या सहबंद्यांनाच अर्पण केला आहे.

सवय मोडते ती का?

सवय म्हणजे मनोनिग्रह, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. मानसशास्त्रातील संशोधन मात्र वेगळे सांगते. सवय इच्छाशक्तीपेक्षा जागेशी, वेळेशी आणि आधीच्या कृतीशी अधिक घट्ट बांधलेली असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड यांनी सहकाऱ्यांसमवेत केलेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहभागी व्यक्तींना दर तासाला आपण काय करीत आहोत याची नोंद करण्यास सांगण्यात आले होते. त्यांच्या दैनंदिन कृतींपैकी सुमारे ४३ टक्के कृती सवयीने, म्हणजे जवळजवळ त्याच जागी आणि बहुधा मन दुसरीकडे असताना, होत असल्याचे आढळले. जागा बदलली की या कृतींचा दोरा तुटतो. म्हणूनच नव्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या जुन्या सवयी, चांगल्या आणि वाईट दोन्ही, एकाएकी गळून पडतात, असे याच गटाच्या पुढील अभ्यासात दिसून आले.

नगर शहरात २०२० मध्ये नेमके हेच झाले. एमआयडीसीतील पाळीची वेळ, शाळेची घंटा, माळीवाडा स्थानकावरची ठरावीक गाडी, सावेडीतला संध्याकाळचा फेरफटका आणि कापड बाजारातल्या दुकानाचे वर जाणारे शटर या सगळ्या खुणा एका रात्रीत नाहीशा झाल्या. माणसे तीच होती, इच्छाशक्तीही तेवढीच होती, पण 'आता उठायचे', 'आता आंघोळ', 'आता घरी परतायचे' हे सांगणारे कोणी उरले नव्हते. उशिरा उठणे, अवेळी जेवणे आणि मध्यरात्रीपर्यंत मोबाइल पाहणे यांत आळसाचा वाटा होता त्याहून मोठा वाटा खुणा हरवण्याचा होता.

ग्रामीण भागात चित्र थोडे निराळे होते. दूध ही अत्यावश्यक बाब असल्याने धारा काढण्याची आणि डेअरीवर दूध पोहोचविण्याची वेळ सकाळ-संध्याकाळ कायम राहिली. ज्या घरात गोठा होता त्या घराचा दिवस दोन्ही टोकांना बांधलेला होता. गाय टाळेबंदी पाळत नाही! दुधाला भाव नसल्याची आणि मालाला बाजार नसल्याची काळजी या घरांना होतीच, पण पहाटे कशासाठी उठायचे, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

शहरी घरांना असा आधार अनपेक्षित ठिकाणी सापडला. दूरदर्शनने २८ मार्च २०२० पासून 'रामायण' मालिकेचे पुनःप्रसारण सुरू केले. ती सकाळी नऊ आणि रात्री नऊ वाजता लागे. मालिकेच्या लोकप्रियतेची चर्चा पुष्कळ झाली. तिने लक्षावधी घरांना दिवसातल्या दोन ठरावीक वेळा परत मिळवून दिल्या, याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. आधी आंघोळी, मग रामायण, असा क्रम आपोआप लागला. मोबाइलवर केव्हाही पाहता येणाऱ्या कार्यक्रमांनी हे काम केले नसते.

लहान कृती, ठरलेली जागा

नवी सवय किती दिवसांत लागते? 'एकवीस दिवस' हे उत्तर फार प्रचलित आहे. योगायोगाने पहिली टाळेबंदीही एकवीस दिवसांचीच जाहीर झाली होती, त्यामुळे त्या काळात या आकड्याचा भलताच बोलबाला झाला. त्याला भक्कम आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर बारा आठवडे केलेल्या अभ्यासात, कृती आपसूक होऊ लागण्यास लागणारा मध्यम कालावधी ६६ दिवसांचा निघाला. व्यक्तीव्यक्तींत मोठा फरक होता. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. जेवणाबरोबर पेलाभर पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला मात्र वेळ लागला. या अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष सामान्य माणसाच्या अधिक उपयोगाचा आहे. मध्येच एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्याच्या प्रक्रियेत विशेष बाधा येत नाही. 'मोडलाच ना नेम, आता काय उरले', असे म्हणून सगळेच सोडून देण्याची गरज नसते.

सवय लावायची असेल तर ती आधीच पक्क्या असलेल्या एखाद्या कृतीच्या पाठीला बांधावी, हा मार्ग बहुतेक अभ्यासक सुचवितात. 'रोज व्यायाम करीन' हा संकल्प विरून जातो. 'सकाळचा चहा झाला की कप विसळून तसाच गच्चीवर जाईन आणि पाच सूर्यनमस्कार घालीन' हा संकल्प टिकण्याची शक्यता अधिक, कारण त्यात वेळ आहे, जागा आहे आणि आकडा लहान आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 'अमुक झाले की तमुक करीन' अशा नेमक्या योजनांचा प्रभाव १९९०च्या दशकापासून अनेक प्रयोगांतून दाखवून दिला आहे. आपल्याकडच्या घरांना हे तंत्र नवीन नाही. सडा झाला की रांगोळी, दिवेलागण झाली की हरिपाठ, ही सारी याच पद्धतीने बांधलेली साखळी आहे. २०२० मध्ये आषाढी वारी पायी निघाली नाही आणि संतांच्या पादुका बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. त्या वर्षी संध्याकाळचा हरिपाठ घरातल्या घरात म्हणणाऱ्या वारकरी कुटुंबांनी वर्षानुवर्षांची खूणगाठ फक्त रस्त्यावरून ओसरीत आणली.

सकाळी घराबाहेर, निदान अंगणात किंवा खिडकीत, उजेडात काही वेळ घालविणे हीदेखील क्षुल्लक वाटणारी पण महत्त्वाची बाब आहे. शरीरातील चोवीस तासांचे घड्याळ उजेडावर लागते. या घड्याळाची रेणवीय रचना उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भर दिवसा घरातला उजेड बाहेरच्या उजेडाच्या कित्येक पट कमी असतो. दिवसभर पडदे लावलेल्या खोलीत राहायचे आणि रात्री डोळ्यांपुढे प्रकाशमान पडदा धरायचा, असे केल्यास त्या घड्याळाला दिवस कोणता आणि रात्र कोणती हेच कळेनासे होते. झोप बिघडली की चिडचिड वाढते आणि तिचा पहिला फटका घरातल्या लहान मुलांना बसतो.

परसबागेचा मार्ग याच जिल्ह्यातून गेला आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचे बियाणे जपून शेकडो कुटुंबांपर्यंत पोहोचविले आणि घरामागच्या चार हात जागेतही भाजी पिकवता येते हे दाखवून दिले. मेथी किंवा पालक पेरला की चार-सहा दिवसांत कोंब दिसतो. रोज पाहायला जावे असे काहीतरी घडत असते. घरात अडकलेल्या माणसाचा वर्तमानकाळ साचून राहतो, त्यात ही पुढे सरकणारी गोष्ट मोठी मोलाची ठरते. नेहरूंच्या वाफ्यांचे कामही याहून फार निराळे नव्हते. जागाच नसेल तर खिडकीतला कोथिंबिरीचा डबाही चालतो.

बातम्यांबाबत मात्र थोडे कठोर व्हावे लागते. किल्ल्यात वृत्तपत्र मिळू लागल्यानंतरही ते दिवसातून एकदाच येत असे. २०२० आणि २०२१ मध्ये रुग्णसंख्येचे आकडे, ऑक्सिजनची टंचाई आणि ओळखीच्यांच्या निधनाच्या वार्ता मोबाइलवर अखंड आदळत होत्या. त्यांतील खरे किती आणि खोटे किती हे तपासण्याची सोय नव्हती. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बातम्या पाहायच्या आणि झोपण्यापूर्वी अजिबात नाही, एवढा नियम घरातल्या सर्वांनी मिळून पाळला तरी मनावरचा ताण उतरतो. वृत्तपत्राने असा सल्ला द्यावा हे थोडे विचित्र आहे खरे.

सर्वांचे घर सारखे नसते

आनंदी सवयींच्या साऱ्या उपदेशात 'घर' गृहीत धरलेले असते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा जिल्ह्यातील आणि पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजूर अडकून पडले होते. पाचटाच्या कोप्यांमध्ये, बैलांसह, लेकराबाळांसह ते थांबले. त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय राज्य शासनाने १७ एप्रिलला घेतला. त्यांना सकाळच्या उजेडाचे महत्त्व सांगणे हा विनोदच ठरला असता. एका खोलीत सहा माणसे आणि एकच मोबाइल असलेल्या घरात ऑनलाइन शाळेचा नियमित दिनक्रम बसविणे हेदेखील सोपे नव्हते. घरातल्या बाईला तर टाळेबंदीत सुट्टी मिळाली नाहीच, उलट चौघांचे तीन वेळचे जेवण दिवसभराच्या फर्माइशीत बदलले. एखाद्या घरात पुरुषांनी आणि मुलांनी भांडी किंवा धुणे यांपैकी एक काम कायमचे अंगावर घेतले असेल, तर त्या काळात लागलेली ती सर्वांत उपयुक्त सवय मानावी लागेल.

काही ठिकाणी दिनक्रम एकट्याच्या घरावर न सोडता गावाने उभा केला. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने दुसऱ्या लाटेत स्वयंसेवकांची पथके घरोघरी तपासणी करीत होती. लक्षणे दिसताच विलगीकरण होत असे आणि मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त झाले. पारनेर तालुक्यातील भाळवणी येथे तत्कालीन आमदार नीलेश लंके यांनी उभारलेल्या १,१०० खाटांच्या कोविड केंद्रात उपचारांच्या जोडीला योगासने, भजन आणि गाण्यांचे कार्यक्रम होत. त्या केंद्राच्या चित्रफिती राज्यभर फिरल्या. गाण्याने विषाणू मरत नाही हे उघडच आहे. पण खाटेवर पडून शेजारच्याचा श्वास मोजत राहण्यापेक्षा संध्याकाळी भजन आहे हे माहीत असणे, यात फरक आहे.

आणि हे सारे एकदाच झाले असेही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये घटस्थापनेला राज्यातील मंदिरे उघडली, शिर्डीत साईमंदिरातही दर्शन सुरू झाले. नेमक्या त्याच आठवड्यात रुग्णसंख्या वाढल्यामुळे जिल्ह्यातील ६१ गावे ४ ते १३ ऑक्टोबरपर्यंत पुन्हा बंद होती. बाहेर सगळे खुले होत असताना आपणच घरात, हा अनुभव पहिल्या टाळेबंदीपेक्षा अधिक बोचरा असतो. दीर्घ आजारामुळे किंवा म्हातारपणामुळे घरात अडकलेली माणसे तो आजही रोज घेत आहेत.

दिनक्रम पुरेसा नसतो तेव्हा

मौलाना आझाद किल्ल्यात असताना कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम यांची प्रकृती खालावत गेली. सरकारकडे अर्ज करून सुटका मागण्यास त्यांनी नकार दिला. त्या दिवसांतही त्यांनी पहाटेचा चहा, जेवणाची वेळ, लेखन, यांपैकी काहीही चुकवले नाही. पत्नीच्या निधनानंतर लिहिलेल्या पत्रात मात्र त्यांनी स्वतःलाच उघडे पाडले आहे. दुपारी वृत्तपत्र घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याची पावले वाजली की काळीज धडधडू लागे. पण आपली घाई कोणाला दिसू नये म्हणून ते थोडा वेळ तसेच बसून राहत आणि मग सावकाश वृत्तपत्र उचलत. तो शांतपणा म्हणजे एक सोंग होते, अशी कबुली त्यांनी दिली आहे. ९ एप्रिल १९४३ रोजी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. जून १९४५ मध्ये सुटका झाल्यावर ते कलकत्त्याला पोहोचले तेव्हा स्वागताला अलोट गर्दी लोटली होती. त्यांनी मोटार कबरस्तानाकडे वळविण्यास सांगितले, गाडीतल्या हारांपैकी एक कबरीवर ठेवला आणि फातिहा पढला.

दिनक्रम माणसाला उभे ठेवतो, पण तो दुःख नाहीसे करीत नाही, आणि सगळे सुरळीत आहे असे दाखविण्याच्या कामीही तोच येतो. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार महासाथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण जगभरात २५ टक्क्यांनी वाढले. म्हणून वेळेवर उठणारा, वेळेवर जेवणारा माणूस आतून ठीक आहे असे घरच्यांनी गृहीत धरू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असणे, आवडत्या गोष्टीतही रस न वाटणे, झोप आणि भूक सतत बिघडलेली असणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, ही चिन्हे दिसली तर सूर्यनमस्कार किंवा परसबाग यांच्या भरवशावर थांबू नये, डॉक्टरांना गाठावे. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे कानी पडले तर दोन आठवडे उलटण्याची वाट पाहू नये, त्याच दिवशी मदत मागावी. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तेथे मराठीतून बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. खेड्यातल्या घरात मोबाइल बहुधा एकाच्या ताब्यात असतो आणि ज्याला गरज असते त्याला क्रमांक शोधायला सुचत नाही. त्यामुळे तो स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, गॅस आणि दुधाच्या नोंदींशेजारी, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेला बरा.